कोंडा आणि फळांचे मफिन: कोंड्याला आधी पाणी पाजा

मृण्मयी_कोथरूड

बेकिंगच्या धाग्यांवर गेल्या काही दिवसांत एकच तक्रार फिरून फिरून येतेय: कोंड्याचे मफिन विटेसारखे घट्ट होतात, किंवा वरून कोरडे आणि आतून चिकट राहतात. म्हणून वेगळा धागा काढतेय, म्हणजे सगळं एका जागी राहील.

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. कोंडा पाणी पितो, पण सावकाश पितो. कोरडा कोंडा थेट पिठात घातला की मिश्रण सुरुवातीला सैल दिसतं, म्हणून आपण आणखी कणीक घालतो. मग ओव्हनमध्ये कोंडा उरलेलं पाणी ओढून घेतो आणि मफिन कोरडा पडतो. त्यामुळे कोंडा आधी भिजवायचा, बाकी सगळं त्यानंतर.

बारा मफिनचं माप देते. कप 240 मिलीचा, चमचा 5 मिलीचा, पण वजनकाटा असेल तर वजनच धरा. जाड गव्हाचा कोंडा 75 ग्रॅम (साधारण सव्वा कप), दाट ताक 220 मिली, कणीक 140 ग्रॅम, गूळ 90 ग्रॅम, बिनवासाचं तेल 60 मिली, एक अंडं, कुस्करलेलं पिकलं केळं 150 ग्रॅम, मनुका किंवा चिरलेला खजूर 80 ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, बेकिंग पावडर एक चमचा, मीठ पाव चमचा, दालचिनी अर्धा चमचा. दाट ताक नसेल तर 150 ग्रॅम दह्यात 70 मिली पाणी घालून घुसळा. दोन दिवसांचं थोडं आंबट दही इथे चांगलं, कारण सोड्याला आंबटपणा लागतो.

कोंडा, ताक आणि बारीक किसलेला गूळ एका पातेल्यात कालवून पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. सुरुवातीला कोंडा ताकावर तरंगतो आणि कडेला पाणी वेगळं दिसतं. वेळ झाली की चमच्याने बाजूला सारून बघा: तळाशी पाणी साचत नसेल आणि कालवण जाडसर खिमटीसारखं जागच्या जागी राहत असेल, तर झालं. कोंड्याचा एक कण दोन बोटांत दाबला तर तो मऊ लागला पाहिजे. टोचत असेल तर आणखी दहा मिनिटं थांबा.

त्यात तेल, अंडं आणि केळं फेटून घ्या. कणीक, सोडा, बेकिंग पावडर, मीठ आणि दालचिनी दोनदा चाळून एकत्र करा, ओल्या मिश्रणावर एकदमच घाला आणि मोठ्या चमच्याने तळापासून वर अशी बारा-पंधरा वेळा उलथापालथ करा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात, त्या ओव्हनमध्ये जिरतात. मनुका शेवटच्या दोन हातांत घाला.

मिश्रण चमच्यातून ओतलं जाता कामा नये, थबकन पडलं पाहिजे. साचे पाऊण भरा. ओव्हन 210 अंशांवर तापवून ठेवा, साचे आत गेले की 190 वर आणा. वीस ते बावीस मिनिटं.

---

गिरणीवाला_आप्पा

मृण्मयीताई, माप बरोबर आहे. कोंड्याबद्दल थोडं सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच अडतात.

गव्हाच्या दाण्यात कोंडा साधारण 14-15 टक्के असतो. पण गिरणीतून आणलेली कणीक घरच्या चाळणीने चाळली तर त्यातला थोडाच हाती लागतो, बाकीचा बारीक दळला गेल्यामुळे पिठासोबत खाली जातो. शिवाय घरच्या कोंड्याला पीठ चिकटलेलं असतं, त्यामुळे तो कपाने मोजला तर वजनाला जास्त भरतो आणि सव्वा कपाचे 75 ग्रॅमऐवजी शंभराच्या वर जातात. म्हणून घरचा कोंडा असेल तर वजनच करा.

गिरणीवाल्याला आधी सांगितलंत तर तो जाडसर दळून देतो. जाड दळण मैद्याच्या चाळणीने चाळलं की पापुद्र्यासारखा मोठा कोंडा निघतो. खाली उरलेलं पीठ याच मफिनला वापरा. विकतचा हवा असेल तर भुसार दुकानात किंवा बेकिंगचं सामान ठेवणाऱ्यांकडे "खाण्याचा कोंडा" असं स्पष्ट सांगून बंद पाकिटातला घ्या. गुरांच्या खाद्यासाठी पोत्यातून विकतात तो कोंडा वापरू नका. तो खाण्याच्या मालासारखा स्वच्छ ठेवलेला नसतो, ओल धरलेला असू शकतो.

कोंडा घेतलात की चिमूटभर तोंडात टाकून बघा. ताजा कोंडा गोडसर लागतो. कडवट लागला किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर खवट झालाय, तो केळ्याने किंवा दालचिनीने झाकला जात नाही. कोंड्यात तेल असतं आणि ते तेल फोडणारं विकरही (एन्झाइम) असतं, त्यामुळे तो कणकेपेक्षा लवकर बिघडतो. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ओट्यावरच्या डब्यात ठेवू नका, फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

एक उपाय आवर्जून करा. आणल्या आणल्या कोंडा जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजा, सतत हलवत. रंग बदलू द्यायचा नाही, खमंग वास सुटला की उतरवा आणि ताटात पसरून पूर्ण गार करून भरा. ते विकर मंदावतं आणि चवही सुधारते.

---

राधिका_बी

छान धागा! खपली गव्हाची कणीक वापरली तर चालेल का? आणि आमच्याकडे अंडं चालत नाही.

---

मृण्मयी_कोथरूड

राधिका, खपलीत चिकाचं (ग्लुटेनचं) बळ कमी असतं आणि कोंडा उरलंसुरलं बळही तोडतो, त्यामुळे निव्वळ खपलीचे मफिन साच्यातल्या कागदातून काढतानाच भुगा होतात. निम्मी खपली, निम्मी लोकवन किंवा सिहोरची कणीक असं घे. खपलीला पाणीही थोडं कमी लागतं, तेव्हा ताक 200 मिलीवर आण.

अंड्याऐवजी एक मोठा चमचा (15 मिली) जवसाची ताजी पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजव. तार धरू लागली की ते एका अंड्याच्या जागी घाल. पूड आयत्या वेळी कर, जुनी जवसपूड खवट असते. बेकिंग पावडर पाव चमचा वाढव आणि तीन मिनिटं जास्त भाज. अंड्याइतके फुगणार नाहीत, माथा चपटा राहील, पण आतून मऊ होतात. दही वाढवून अंड्याची जागा भरण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. या मापात तो नको, केळं आणि ताक मिळून ओलावा आधीच भरपूर आहे.

---

मंडईकर

फळांवर लिहितो. ऋतूप्रमाणे फळ बदलायचं असेल तर आधी त्यातल्या पाण्याचा विचार करा. मापातलं केळं काढून तितकंच दुसरं फळ घातलं की काम झालं, असं होत नाही. कुस्करलेलं केळं मिश्रणात मिसळून त्याला बांधून ठेवतं. चिरलेलं सफरचंद किंवा स्ट्रॉबेरी तसं करत नाही, भाजताना पाणी सोडते आणि त्या फोडीभोवती कच्चट ओला खड्डा राहतो.

सफरचंद: जाड किसा, मूठभर घेऊन हलकं पिळा, निघालेला रस ताकाच्या मापात धरा. फोडी हव्या असतील तर एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या नकोत.

अंजीर: सासवड-पुरंदरकडचे ताजे अंजीर मिळतात तेव्हा जरूर करा. मीठा बहाराचे घ्या, खट्टा बहार पावसाळ्यात येतो आणि गोडीला कमी असतो. देठाजवळ पांढरा चीक असतो, तेवढा भाग कापून टाका, तो जिभेला चुरचुरतो. चार तुकडे करून तव्यावर दोन-तीन मिनिटं कोरडे परतले की बाहेरचं पाणी उडतं. सुके अंजीर वापरणार असाल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, निथळून, बारीक चिरा. भिजवलेलं पाणी गोड असतं, ते ताकात जाऊ द्या आणि तेवढं ताक कमी करा.

स्ट्रॉबेरी: महाबळेश्वरची डिसेंबर ते मार्च भरपूर असते. मिश्रणात कालवू नका. सोड्याशी गाठ पडली की तिचा लाल रंग करडा-निळसर होतो. खराब झालेली नसते, पण दिसायला वाईट. साचा अर्धा भरा, मधे दोन चकत्या ठेवा, वर मिश्रण घाला. जांभळाचं तेच, उलट जास्तच.

अननस आणि पपई: कच्चा अननस दही-दुधाबरोबर ठेवला की कडवट होतो, कारण त्यातलं विकर दुधातली प्रथिनं तोडतं. बारीक चिरून कोरड्या कढईत सात-आठ मिनिटं शिजवा, पाणी आटलं पाहिजे, मग गार करून घाला. पपई मला मफिनमध्ये पटत नाही: पाणी जास्त, चव कमी.

आंबा: हापूसचा रस नुसता घालू नका, मंद आचेवर निम्मा आटवा. 150 ग्रॅम केळ्याऐवजी 120 ग्रॅम आटवलेला रस, आणि गूळ 60 ग्रॅमवर आणा.

सीताफळ: घालू नका. तापवलं की त्याचा गर कडू होतो, सगळा सुगंध जातो. मफिन गार झाल्यावर सोबत खा, तेव्हा मात्र जोडी सुरेख जमते.

केळी: वेलची केळ्यांची चव इथे सगळ्यात छान, 150 ग्रॅमला सालं काढून तीन-चार लागतात. सालीवर काळे ठिपके आलेलीच घ्या. पिवळीधमक केळी कुस्करली तरी गोडी देत नाहीत, मग गूळ वाढवावा लागतो.

---

शुभदा_सदाशिव

मंडईकरांचा प्रतिसाद साठवून ठेवला. सूर्यफुलाच्या बिया घातल्यावर मफिन आतून हिरवे झाले होते, ते फेकायचे का? सोडा एक चमचा होता.

---

रसायन_काकू

शुभदा, फेकू नकोस, त्यात बुरशी वगैरे काही नाही. सूर्यफुलाच्या बियांमध्ये क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याच्या अल्कलीत ते हिरवा रंग देतं. दुसऱ्या दिवशी जास्त दिसतो. सोडा आटोक्यात ठेवला की होत नाही.

सोड्याचा हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे. एक कप (240 मिली) आंबट ताकाला साधारण अर्धा चमचा सोडा पुरतो. त्याहून जास्त घातलेला सोडा आम्ल न मिळाल्यामुळे तसाच उरतो: साबणासारखी चव, गडद तपकिरी रंग, हिरव्या बिया. तुझ्या एक चमच्यातला निम्मा सोडा असाच उरला. आणखी फुगायला हवं असेल तर सोडा वाढवू नये, बेकिंग पावडर वाढवावी, कारण तिच्यात आम्ल सोबतच असतं.

दोन्हींची ताकद आधी तपासा. सोड्याच्या चिमटीवर लिंबाचे दोन थेंब, बेकिंग पावडरच्या अर्ध्या चमच्यावर गरम पाणी. फसफसून फेस वर आला पाहिजे. नुसते चार बुडबुडे आले तर डबा बदला. पावसाळ्यात बेकिंग पावडर ओलसर चमच्यामुळेच मरते.

गुळाबद्दलही एक सूचना. काळपट, मऊ गूळ घ्या, पिवळाधमक नको, त्यात रंग उजळवायला रसायनं घातलेली असण्याची शक्यता असते. गुळात वाळूचे कण सापडतात, म्हणून ताकात विरघळला की ते ताक आधी गाळून घ्या आणि मगच कोंडा घाला. कोंडा पडल्यावर गाळता येत नाही.

---

ओटीजी_अभिजित

भट्टीकडे येतो. मिश्रण उत्तम असूनही इथे बिघडतं.

16-20 लिटरच्या लहान ओटीजीत (ओट्यावरचा विजेचा ओव्हन) वरचा रॉड साच्याच्या फार जवळ येतो. माथा आठ मिनिटांत कडक होतो, आतलं मिश्रण मग तो फोडून एका बाजूने ज्वालामुखीसारखं बाहेर येतं. जाळी मधल्या खाचेच्या एक खाली लावा. दोन्ही रॉड चालूच ठेवा. बारा मिनिटांनी माथा जास्त रंगलाय असं वाटलं तर वर फॉइलचा तुकडा सैल ठेवा.

ओटीजीच्या बटणावरचे आकडे खरे असतीलच असं नाही, वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक बेकिंगच्या दुकानांत मिळतो, रविवार पेठेत बोहरी आळीकडे साचे घ्यायला जाल तेव्हा तोही घ्या. तापायला कमीत कमी पंधरा मिनिटं द्या. दिवा विझला म्हणजे हवा तापली, भिंती अजून तापलेल्या नसतात.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन, 180 अंश, खालची जाळी. त्यात पत्र्याचे साचे चालतात. मायक्रोवेव्ह अधिक कन्व्हेक्शन अशा जोडीच्या मोडवर ते नकोत.

पुण्याची उंची साधारण 560 मीटर आहे, तेवढ्यासाठी सोडा-पावडरमध्ये काही बदल लागत नाही.

झालंय की नाही बघायला काडी मधोमध घाला. ओलं पीठ नको, चार कोरडे कण चिकटले तर हरकत नाही. मनुका टोचली गेली तर काडी चिकट येते, म्हणून दोन ठिकाणी बघा. तापमापकाची सुई असेल तर आतलं तापमान 96 अंशांच्या आसपास.

---

नीता_पाषाण

ओव्हन नसेल तर कढईत?

---

ओटीजी_अभिजित

होतात. जाड बुडाची ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी कढई घ्या, नॉनस्टिक रिकामी तापवायची नसते. आत स्टँड, वर घट्ट बसणारं झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं. मग सहा साचे किंवा स्टीलच्या लहान वाट्या तेल लावून ठेवा, आच मंद करा, तीस ते पस्तीस मिनिटं. पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडू नका. झाकण खोलगट आणि उंच असेल तर बरं, म्हणजे वाफेचं पाणी माथ्यावर ठिबकत नाही. माथा फिकट राहतो, त्याला इलाज नाही. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबराची रिंग दोन्ही काढा, पाणी घालायचं नाही.

एका वेळी सहाच होतील, तेव्हा मिश्रण निम्म्या मापाचंच करा. सोडा ओल्यात पडल्यावर उरलेलं मिश्रण अर्धा तास ताटकळत ठेवलं तर दुसरा घाणा बसका होतो.

---

सुजाता_आर

माझ्या मफिनचा उभा छेद घेतल्यावर आत उभे लांब बोगदे दिसतात, माथा टोकदार, आणि खालचा कागद सुटत नाही. माप मृण्मयीताईंचंच, पण मिश्रण बीटरने केलं. तेल 60 ऐवजी 20 मिली.

---

मृण्मयी_कोथरूड

सुजाता, बोगदे आणि टोक बीटरमुळे. कणीक पडल्यावर फेटलं की चिकाचे धागे तयार होतात, वायू त्यांतून वाट काढत उभा वर जातो. बीटर हवाच असेल तर फक्त तेल, अंडं आणि केळ्यासाठी, कणकेनंतर लाकडी चमचा.

कागदाचं कारण तेल. कमी तेलाचं मिश्रण कागदाला धरून बसतं, गरम असताना तर जास्तच. 40 मिलीपर्यंत उतरता येईल, तेव्हा केळं 20 ग्रॅम वाढव. त्याखाली जाऊ नकोस. कागदाला आतून ब्रशने तेलाचा हात लाव, नाहीतर कागद न वापरता साच्यालाच तेल लावून कोरडा कोंडा भुरभुराव. माझं मत विचारशील तर हेच जास्त चांगलं, खालची कड कुरकुरीत होते.

आणि बाहेर काढल्यावर साच्यात पाचच मिनिटं. मग जाळीवर. साच्यातच गार केले की वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही, बूड घाम धरतं आणि ओलं होतं.

---

शुभदा_सदाशिव

घरात मधुमेह असणाऱ्यांना देता येतील का? एका मफिनमध्ये तंतू (फायबर) किती येतात?

---

रसायन_काकू

तंतूंचा हिशोब करून देते. कोंड्यात 100 ग्रॅमला साधारण 43 ग्रॅम तंतू, म्हणजे 75 ग्रॅमचे 32. कणकेत 11 टक्के धरले तर 140 ग्रॅमचे 15-16. केळं आणि मनुका मिळून सहा-सात. सगळे मिळून 55 च्या आसपास, बाराने भागले की एका मफिनमध्ये साडेचार ग्रॅम.

पण 90 ग्रॅम गूळ आणि 80 ग्रॅम मनुका आहेत, म्हणजे एका मफिनमध्ये साडेसात ग्रॅम गूळ, वर मनुका आणि केळ्याची साखर. गूळ आहे म्हणून चालेल असं मुळीच नाही, रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर सारखेच. त्यांच्यासाठी गूळ 40 ग्रॅम, मनुकांऐवजी 50 ग्रॅम अक्रोड, आणि तोही एकच मफिन, जेवणाच्या हिशोबात धरून. डॉक्टरांनी आहार ठरवून दिला असेल तर त्यांना विचारूनच. गूळ कमी केला की मफिन लवकर कोरडा पडतो, तेव्हा त्याच दिवशी संपवा.

कोंड्याची सवय नसलेल्यांना एकदम तीन-तीन देऊ नका, पोट फुगतं. सोबत पाणी भरपूर.

---

राधिका_बी

निम्मी खपली आणि जवस घालून केले, माथा चपटा पण आतून मऊ. मुलांच्या डब्यासाठी सकाळी ताजे करायचे असतील तर रात्री काय काय करून ठेवता येईल? आणि उरलेले किती टिकतात?

---

मृण्मयी_कोथरूड

रात्री कोंडा, ताक आणि गूळ कालवून फ्रिजमध्ये ठेव, उलट जास्त चांगला भिजतो. कोरडं साहित्य चाळून वेगळ्या डब्यात. साच्यांना तेल लावून ठेव. सकाळी उठल्या उठल्या ओव्हन सुरू कर आणि कोंड्याचं पातेलं बाहेर काढ. ओव्हन तापेपर्यंत जवस भिजव, केळं कुस्कर, तेल मिसळ. कोरडं साहित्य ओव्हन तापल्यावरच घाल. थंड मिश्रणाला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. रात्री 200 मिली ताकातलं मिश्रण सकाळी फारच घट्ट वाटलं तर दोन मोठे चमचे दूध घाल.

टिकण्याचं म्हणशील तर हिवाळ्यात बाहेर दोन दिवस, पावसाळ्यात एकच, तिसऱ्या दिवशी फळाच्या फोडीजवळ पांढरी बुरशी दिसायला लागते. फ्रिजमध्ये ठेवले तर कडक होतात. पूर्ण गार करून एकेक वेगळा गुंडाळ आणि फ्रीजरमध्ये ठेव, दोन महिने चवीत फरक पडत नाही. खायच्या वेळी 160 अंशांवर आठ-दहा मिनिटं, किंवा झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर. डब्यात द्यायचा असेल तर रात्रीच फ्रीजरमधून काढून जाळीवर कापडाखाली ठेव. बंद डब्यात वितळू दिलास तर सकाळी कागद ओला होऊन चिकटलेला असेल.

---

गिरणीवाला_आप्पा

राधिका, रात्रभर भिजवायचा असेल तर भाजलेलाच कोंडा घे. कच्चा कोंडा ताकात रात्रभर राहिला की सकाळी आंबूस वास येतो, आणि तो भाजल्यावरही मफिनमध्ये जाणवतो.